उपचार झाला, नोंदही झाली, पण पेपरात आलाच नाही: लकव्यानंतरच्या हाताच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

‘प्रायोगिक गटाला पारंपरिक फिजिओथेरपीसोबत कार्याधारित सराव देण्यात आला. नियंत्रण गटाला पारंपरिक फिजिओथेरपी देण्यात आली. कालावधी ६ आठवडे.’

एका संशोधन-पेपरात उपचाराबद्दल एवढंच लिहिलेलं होतं. पेपर मराठवाड्यातल्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयातल्या पदव्युत्तर प्रबंधावर बेतलेला होता. लकवा मारलेल्या माणसाचा हात पुन्हा कामाला लागावा म्हणून घरातल्याच माणसाने रोज करून घ्यायचा सराव, आणि त्याची नेहमीच्या उपचाराशी तुलना. घरी करायच्या हाताच्या पुनर्वसनावर आमचा गट एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडणं) करत होता. त्यात आम्हाला नेमके असेच अभ्यास हवे होते: खेड्यातले रुग्ण, महागडं यंत्र नाही, सराव करून घेणारी घरची सून किंवा मुलगा. तरीही पहिल्या चाळणीत हा पेपर ‘माहिती अपुरी’ या रकान्यात गेला.

त्या रकान्यातून तो कसा बाहेर आला आणि कुठवर आला, ते इथे सविस्तर मांडते आहे. महाविद्यालय, नियतकालिक आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे हिशेब समजावा अशा बेताने सोपे करून घेतले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुनर्वसनाच्या संशोधनाचं लेखन सुधारायचं असेल तर पेपर लिहायला बसल्यावर फार उशीर झालेला असतो. ती सुधारणा पहिला रुग्ण यायच्या आधी, उपचाराच्या नोंदवहीत करावी लागते. आणि हे काम आपल्या भागासाठी जास्त निकडीचं आहे, कारण आपले अभ्यास रिव्ह्यूतून गळले की आपल्या रुग्णांवरचे निर्णय परक्या घरांतल्या, परक्या कामांच्या पुराव्यावर होतात.

रिव्ह्यू करणाऱ्याच्या टेबलावर

औषधाच्या चाचणीत उपचाराचं नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा एवढं लिहिलं की बरंचसं काम भागतं. पुनर्वसनात तसं भागत नाही. इथे उपचार म्हणजे एक माणूस दुसऱ्या माणसाकडून काहीतरी करून घेतो. ते काय, कुणी, कुठे, किती वेळा, रुग्णागणिक काय बदलून, आणि ठरवलेल्यापैकी प्रत्यक्षात किती झालं, हे सगळं मिळून उपचार होतो. यातलं काही गाळलं तर रिव्ह्यू करणाऱ्याला हा अभ्यास कुणाच्या शेजारी ठेवायचा तेच कळत नाही. ज्या फिजिओथेरपिस्टला तो उपचार उद्या आपल्या रुग्णाला द्यायचा आहे, तिच्या हाती तर काहीच लागत नाही.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असंही नाही. २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत औषधाविना केलेल्या १३७ उपचारांची वर्णनं तपासली होती. त्यातली फक्त ३९ टक्के पुरेशी निघाली. लेखकांना पत्रं लिहून विचारल्यावर हा आकडा ५९ टक्क्यांवर गेला. म्हणजे पुष्कळशी माहिती लेखकांकडे होती, छापली गेली नव्हती. पुढच्याच वर्षी ‘टायडियर’ ही १२ मुद्द्यांची यादी आली, तीत उपचाराचं वर्णन करताना काय काय सांगायचं ते ठरवून दिलं. व्यायामावर आधारलेल्या उपचारांसाठी २०१६ मध्ये १६ मुद्द्यांची ‘सर्ट’ ही यादी आली. यादृच्छिक चाचण्यांच्या (ज्यांत कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं) अहवालासाठीचा ‘कन्सॉर्ट’ १९९६ पासून आहे आणि २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. याद्यांची कमतरता नाही. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत त्या पेपर पाठवायच्या आदल्या आठवड्यात उघडल्या जातात, ही खरी अडचण आहे.

आम्हीही आधी पत्रच लिहिलं. पेपरवर संपर्कासाठी विद्यार्थिनीचा महाविद्यालयाने दिलेला ईमेल होता. ती पास होऊन गेली तसं ते खातं बंद झालं होतं, मेल परत आला. विभागात फोन केला तेव्हा मार्गदर्शक मॅडम फोनवर आल्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “अहो, आमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे. प्रबंधात बघा ना. पेपरला शब्दमर्यादा असते, काय काय बसवणार त्यात?”

प्रबंध कुठे बघायला मिळेल, विचारलं. “आमच्या ग्रंथालयात आहे की.”

रिव्ह्यू करणारा माणूस कोपनहेगनमध्ये असो नाहीतर नागपुरात, त्या कपाटापर्यंत तो पोचणार नाही. मी लातूरची असल्यामुळे पोचले. (आणि एक गोष्ट जाताजाता: संपर्कासाठी मार्गदर्शकांचा, दहा वर्षांनीही चालू राहील असा ईमेल द्यावा. खर्च शून्य, उपयोग मोठा.)

नोंदवहीत सापडलेला उपचार

प्रबंधात पेपरपेक्षा थोडं जास्त होतं. खरा ऐवज निघाला तो उपचाराच्या नोंदवहीत. लाल कापडी पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर, दर रुग्णाला दोन पानं, आणि विद्यार्थिनीच्या घाईच्या अक्षरात मराठी-इंग्रजी मिसळलेल्या नोंदी. एका बाईंच्या पानावर हे होतं:

‘काठवटीत पीठ मळणे, दोन्ही हात, १० मि. खाली बसून. काठवट सरकते, खाली ओलं फडकं. — तांब्या अर्धा भरून पेल्यात ओतणे. सांडलं तर पाव तांब्या. — मटकी-हरभरा निवडणे, चिमटीने. मुठीने उचललं तर धरायचं नाही. — पदर खोचणे, उजव्या हाताने.’

आणि एका शेतकऱ्याच्या पानावर: ‘खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळून जाड केली. धरून मनगट वर-खाली. चौथ्या आठवड्यात चिंधी काढली. — दाव्याची गाठ मारणे-सोडणे.’

मी ती पानं वाचत बसले. मोठा विचार करून दिलेला उपचार होता तो. काठवटीखाली ओलं फडकं ठेवलं की एका हाताने काठवट धरून ठेवायची गरज उरत नाही आणि दोन्ही हात मळायला मोकळे होतात. मुठीला चिंधी गुंडाळली की न मिटणाऱ्या बोटांना पकड मिळते, आणि पुढे चिंधी काढणं हीच अवघडपणाची पुढची पायरी होते. खाली बसून मळताना धडाचा तोल सांभाळावा लागतो, तो खुर्चीवर बसून टेबलावर ठोकळे उचलताना लागत नाही. परदेशी अभ्यासांत डबे, कप आणि ठोकळे असतात. ज्वारीचं पीठ दोन हातांनी मळणं हा दोन्ही हात एकत्र वापरण्याचा सराव तिकडच्या कुठल्याही पेटीत मिळणार नाही, आणि ज्या बाईला घरी जाऊन भाकरीच थापायची आहे तिच्यासाठी याहून योग्य सराव नाही. हे सगळं ‘कार्याधारित सराव’ या दोन शब्दांत गेलं होतं.

कोणत्या रुग्णाला कोणती कामं, हे कसं ठरवलं? ते ना प्रबंधात होतं, ना वहीत. विद्यार्थिनी आता दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी करते. तिला फोन लावला तेव्हा तिने एका दमात सांगितलं: पहिल्या दिवशी घरच्यांना विचारायचं, लकव्याआधी हे दिवसभरात हाताने काय काय करायचे. त्यातली पाच कामं निवडायची. तीन दिवस ओळीने मदतीशिवाय जमलं की काम अवघड करायचं, दोन दिवस ओळीने जमलं नाही की सोपं करायचं. “मॅडम, हे लिहायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं हे तर सगळेच करतात.”

सगळे करत नाहीत. आणि करत असले तरी तीन दिवसांचा नियम सगळ्यांचा नसतो. टायडियरमध्ये रुग्णागणिक केलेल्या बदलासाठी स्वतंत्र मुद्दा आहे तो यासाठीच. ही माहिती फक्त एका माणसाच्या डोक्यात होती. आणखी दोन वर्षांनी विचारलं असतं तर तिथूनही गेली असती.

आता नियंत्रण गट. ‘पारंपरिक फिजिओथेरपी’ म्हणजे काय, तर वहीप्रमाणे सांध्यांच्या हालचाली, स्नायूंना ताण देणं, हातावर भार घेणं, आणि काही जणांना विद्युत उत्तेजन. काहींना दिलं आणि काहींना नाही, हे कशावरून ठरलं? यंत्र चालू असलेल्या दिवशी जे आले त्यांना दिलं. लाजण्यासारखं काही नाही यात, जिल्ह्याच्या ठिकाणी असंच असतं. पण ते लिहायला हवं होतं.

वहीतून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. दोन्ही गटांना ३० मिनिटांचा पारंपरिक उपचार मिळत होता, आणि प्रायोगिक गटाला त्यावर घरी आणखी ३० मिनिटांचा सराव. म्हणजे एका गटाला दुसऱ्याच्या दुप्पट वेळ मिळाला. सुधारणा जास्त झाली ती काठवट-खुरप्यामुळे की नुसत्या जास्त वेळामुळे, याचं उत्तर या अभ्यासातून मिळूच शकत नाही. हा अभ्यास वाईट ठरतो असं मुळीच नाही. ‘नेहमीच्या उपचारात घरच्या सरावाची भर घातली तर काय होतं’ हा अगदी रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तो देतो. ‘तेवढ्याच वेळात कोणता सराव बरा’ हा दुसरा प्रश्न. रिव्ह्यूमध्ये या दोन प्रश्नांचे तक्ते वेगळे असतात. पेपर वाचून आम्हाला तो कुठल्या तक्त्यात टाकायचा ते ठरवता येत नव्हतं, कारण नियंत्रण गटाची मिनिटं कुठेच दिलेली नव्हती.

आणि मिनिटांवरही थांबता येत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका निरीक्षणात लकव्याच्या रुग्णांची सत्रं शेजारी बसून मोजली, तेव्हा हाताच्या कामाधारित सरावाच्या सत्रात सरासरी ३२ आवर्तनं झालेली दिसली. अर्ध्या तासाच्या सत्रात ३० आवर्तनं होऊ शकतात आणि ३००सुद्धा. मेंदूला शिकायला आवर्तनं लागतात, घड्याळ नाही. आमच्या प्रकरणात आवर्तनांची नोंद कुठेच नव्हती, ना वहीत, ना कुणाच्या आठवणीत.

घरच्या सरावाच्या नोंदीसाठी घरच्यांना चित्रांचा एक कागद दिला होता, रोज कामासमोर खूण करायची. सहा आठवड्यांचे कागद जपून ठेवले होते, पण पेपरात त्यांचा उल्लेख नव्हता. कारण खुणा मधेमधे गायब होत्या आणि ‘घरच्यांनी नीट पाळलं नाही’ असं दिसेल याची भीती होती. एका सुनेशी मी फोनवर बोलले. ती म्हणाली, “मामायकडून रोजच करून घेतो की. पण सोयाबीन काढायच्या दिवसांत कागदावर खूण करायचं कुठं ध्यानात राहतंय.” कोरा रकाना म्हणजे सराव झाला नाही असं धरायचं, की खूण राहिली असं? तो निर्णय रिव्ह्यू करणाऱ्याने घरबसल्या घेण्यापेक्षा, घरी जाऊन आलेल्या संशोधकाने दोन ओळींत लिहिलेला कधीही बरा.

‘±’ या चिन्हामागचं

आकड्यांच्या तक्त्यात सहा आठवड्यांनंतरचे गुण असे होते: प्रायोगिक गट ३८ ± २, नियंत्रण गट ३४ ± २, दोन्हीकडे २५ रुग्ण. वर लिहिलेलं ‘फ्यूगल-मेयर स्कोअर’, म्हणजे लकव्यानंतर हात-पाय किती हलतात ते तपासून दिलेले गुण. हाताचा भाग ६६ गुणांचा असतो, हात-पाय मिळून १००. कशातले ३८? वहीतल्या फॉर्मवरून कळलं की ६६ पैकी.

± नंतरचा २ कशाचा, हे लिहिलेलं नव्हतं. तो प्रमाण विचलन असू शकतो, म्हणजे रुग्णारुग्णांत किती फरक होता. किंवा प्रमाण त्रुटी असू शकते, म्हणजे गटाची सरासरी किती नेमकी कळली. दोन्ही छापील तक्त्यात सारखेच दिसतात. लकव्याच्या रुग्णांमध्ये कुणाची बोटं जेमतेम हलतात आणि कुणी तांब्या उचलतो, त्यामुळे २५ जणांचे गुण एकमेकांपासून अवघ्या २ गुणांच्या आसपास असतील हे पटण्यासारखं नाही. शंका आली ती इथेच.

विभागातल्या संगणकावर मूळ एक्सेल शीट होती. काढून पाहिलं तर प्रमाण विचलन १० होतं. सांख्यिकीचं काम बाहेरून करून घेतलं होतं, तिकडून आलेल्या छापील कागदावर दोन्ही रकाने शेजारी होते, आणि उतरवताना शेजारचा रकाना उतरला. १० भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे १० भागिले ५, बरोबर २.

याचा रिव्ह्यूवर होणारा परिणाम भयंकर आहे. वेगवेगळ्या मापनपट्ट्या वापरलेले अभ्यास एकत्र आणताना आम्ही दोन गटांतल्या फरकाला प्रमाण विचलनाने भागतो. फरक ४ गुणांचा. खऱ्या विचलनाने भागलं तर ४ भागिले १०, म्हणजे ०.४, मध्यमापेक्षा कमी असा परिणाम. त्रुटीलाच विचलन समजून भागलं तर ४ भागिले २, म्हणजे २. पाचपट. लकव्याच्या पुनर्वसनात एवढा परिणाम जवळपास कुणालाच मिळत नाही. पट्टी एकच असेल आणि थेट गुणांतच हिशेब केला, तर असा अभ्यास अवास्तव नेमका दिसतो आणि एकत्रित सरासरी आपल्याकडे ओढून घेतो. एक चुकीचा रकाना, आणि लातूर-बीडच्या प्रामाणिक कामामुळे जगभरच्या रुग्णांसाठीचा निष्कर्ष बिघडतो. ‘± हे प्रमाण विचलन आहे’ एवढे शब्द तक्त्याखाली छापायचा नियम असता तरी उतरवतानाच नजर गेली असती.

आणखी एक. निष्कर्षात लिहिलं होतं की दोन्ही गटांत आधी-नंतरच्या गुणांत लक्षणीय फरक पडला, प्रायोगिक गटात जास्त. आधी-नंतरचा फरक दोन्हीकडे पडणारच. लकव्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू बऱ्यापैकी आपणहून सावरतो. प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा आहे, आणि तो त्याच्या ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह (खरा फरक साधारण कुठून कुठवर असू शकतो ती मर्यादा) द्यायला हवा. शिवाय लकवा मारून किती दिवस झाले होते, ते पेपरात नव्हतंच. ७ दिवस ते ३ महिने, ३ ते ६ महिने, आणि ६ महिन्यांच्या पुढे, या तीन टप्प्यांतल्या रुग्णांची सुधारणा एका मापात तोलता येत नाही. वहीत तारखा होत्या. बहुतेक सगळे दोन ते पाच महिन्यांमधले निघाले.

‘सहकार्य न केल्याने वगळले’

मला सर्वांत जास्त लागलं ते हे वाक्य. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीच्या तक्त्यात प्रायोगिक गटात १६ आणि नियंत्रण गटात २२ रुग्ण होते, आणि खाली टीप होती: ‘सहकार्य न केल्याने १२ रुग्ण वगळण्यात आले.’

वहीत त्या बारा जणांच्या पानांवर शेवटच्या नोंदी होत्या. नऊ पानांवर एकच शब्द: ‘कारखाना’.

आपल्याकडे याचा अर्थ सांगावा लागत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमधून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबायची मुभा नसते. लकवा झालेला म्हातारा माणूस ऊस तोडायला जात नाही, पण त्याच्याकडून सराव करून घेणारी सून आणि मुलगा जातात. म्हातारा मागे गावात राहतो, शेजाऱ्याच्या नाहीतर शाळकरी नातवाच्या भरवशावर. किंवा कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, सोबत जातो. अभ्यासात नावं नोंदवली गेली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तीन महिन्यांची तपासणी आली ऐन हंगामात.

उरलेले तीन: एकाला दुसरा झटका आला. एक जण मुलाकडे पुण्याला गेले. आणि एक बाई वारल्या. मृत्यू हा ‘असहकार’ म्हणून नोंदवला गेला. मॅडमना मी ते दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हा शब्द कुठून आला तेच कळत नाही. प्रत्येक प्रबंधात असतो.”

रिव्ह्यूच्या दृष्टीने पुढचा मुद्दा असा की गळती दोन गटांत सारखी नव्हती. नऊ विरुद्ध तीन. कारखान्याला जाणाऱ्या घरांची संख्या, गट ठरवायला चिठ्ठ्या टाकल्यावर, दोन्हीकडे साधारण सारखीच पडायला हवी. मग हा फरक का? कारण तपासणीच्या वेळी प्रायोगिक गटातल्या रुग्णाने सराव करून घेणाऱ्या माणसाला सोबत आणायचं होतं, कामं दाखवायला. नियंत्रण गटातला रुग्ण कुणाहीबरोबर आला तरी चालत होतं. म्हणजे अभ्यासाच्या रचनेनेच एका गटातली गरीब, जमीन नसलेली घरं बाहेर पडली आणि मागे राहिले ते ज्यांची माणसं वर्षभर घरी असतात असे. तीन महिन्यांनंतर प्रायोगिक गटाची आघाडी वाढलेली दिसत होती, तिच्यातला किती वाटा उपचाराचा आणि किती या गळतीचा, ते वेगळं काढता येत नाही.

हे सगळं रुग्णप्रवाहाच्या एका आकृतीत मावलं असतं: चिठ्ठ्या कितींच्या पडल्या, कितींनी उपचार पूर्ण केले, कोण कुठल्या कारणाने गेलं, गटवार. कारण लिहिताना ‘फॉलो-अप तुटला’ एवढ्यावर न थांबता ‘काळजी घेणारी व्यक्ती ऊसतोडीला गेली’ असं लिहिलं असतं, तर घरच्या माणसावर विसंबणारा उपचार स्थलांतराच्या हंगामात टिकत नाही, ही माहितीही जगाला मिळाली असती. ती निष्कर्षाइतकीच मोलाची आहे. आपल्या जिल्ह्यांसाठी कदाचित जास्तच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चिठ्ठ्या खरोखरच टाकल्या होत्या, घडी घालून डब्यात, आणि रुग्णाने नाव नोंदवल्यावर स्वतः उचलल्या होत्या. पद्धत साधी, पण पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार ते आधी कळायची सोय नव्हती, म्हणजे चोख. पेपरात फक्त ‘यादृच्छिकपणे’ होतं. उपचार करणारी आणि गुण देणारी व्यक्ती एकच होती, हा दोष लिहून सुधारत नाही, पण लपवल्याने तो वाढतो. अभ्यास सीटीआरआय या भारतीय नोंदणीपटावर पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदलेला होता (१ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच नोंदणी करावी लागते). त्या नोंदीत हाताच्या रोजच्या वापराची प्रश्नावली हेही मापन होतं, पेपरात ते जागेअभावी गाळलेलं. बाहेरच्या वाचकाला हे सोयीस्कर मापन तेवढं छापल्यासारखं दिसतं. शीटमध्ये आकडे होते, आणि ते प्रायोगिक गटाच्या बाजूचेच होते.

काय दुरुस्त झालं

विद्यार्थिनी, मॅडम आणि मी मिळून दोन पानांची पुरवणी तयार केली. पहिल्या पानावर टायडियरच्या क्रमाने दोन्ही गटांच्या उपचाराचं वर्णन, शेजारी-शेजारी दोन रकान्यांत. काठवट, तांब्या, खुरपं, दावं ही नावं तशीच ठेवली, पुढे एका ओळीत वस्तूचं वर्णन, आकार आणि वजन. दुसऱ्या पानावर दुरुस्त केलेला तक्ता, लकव्यानंतरचा काळ, प्रश्नावलीचे आकडे आणि रुग्णप्रवाहाची आकृती. मॅडमनी ती नियतकालिकाकडे दुरुस्ती म्हणून पाठवली. आपल्याच विभागाचा पेपर असा उघड दुरुस्त करायला धैर्य लागतं, आणि ते त्यांनी दाखवलं.

विभागातली चर्चा नंतर नोंदवहीकडे वळली. मी टायडियरचे बाराही मुद्दे उपचाराच्या कार्डावर छापावेत असं सुचवलं होतं. मॅडमनी ते मोडून काढलं: “पानं वाढली की मुलं भरत नाहीत. ओपीडीत चाळीस पेशंट असतात हो.” त्यांनी काढलेला तोडगा माझ्यापेक्षा सरस होता. जे सगळ्या रुग्णांना सारखं आहे (उपचाराचं कारण, साहित्य, कोण देणार, कुठे, बदलाचे नियम) ते प्रबंध मंजूर होतानाच एकदा लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायचं. रोजच्या कार्डावर फक्त रोज बदलणारं: कोणती कामं, किती आवर्तनं, किती मिनिटं, सोपं केलं की अवघड, आज काय झालं नाही आणि का. अर्धं पान. नियंत्रण गटालाही तेच कार्ड, शब्दाचाही फरक नाही.

आवर्तनं मोजायला घरच्यांना दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके देतात. दहा वेळा झालं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत, आणि संध्याकाळी चिंचोके मोजून आकडा कागदावर. लिहिता न येणाऱ्या घरांतही हे जमतं आहे.

नाव नोंदवतानाच आता विचारलं जातं: घरातलं कोण हंगामाला जाणार, कधी, आणि मागे कोण राहणार. मागे राहणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून सराव शिकवला जातो. तपासणीला रुग्ण कुणाहीबरोबर आला तरी चालतो, दोन्ही गटांत. फ्यूगल-मेयर फोनवर करता येत नाही, पण हाताच्या वापराची प्रश्नावली विचारता येते, म्हणून तीन महिन्यांचं मुख्य मापन ती प्रश्नावली ठरवली आणि नोंदणीपटावर तसं आधीच लिहिलं. गुण देण्याचं काम दुसऱ्या वर्षाच्या अशा विद्यार्थ्याकडे दिलं आहे ज्याला गट माहीत नसतो. ‘सहकार्य न केल्याने’ हा शब्दप्रयोग विभागाने आपल्या प्रबंधांतून काढून टाकला. कारण लिहायचं, रुग्णाने किंवा घरच्यांनी सांगितलं त्याच शब्दांत.

शब्दमर्यादेचं गाऱ्हाणं खरं आहे. पण बहुतेक नियतकालिकं ऑनलाइन पुरवणी घेतात, आणि जी घेत नाहीत त्यांच्याकडेही तक्त्यातले शब्द बहुधा मर्यादेत धरत नाहीत. प्रस्तावनेतली लकव्याच्या जागतिक प्रमाणावरची दोन पानं कापली तरी काठवटीला जागा होते. ती आकडेवारी वाचकाला इतरत्र मिळते, ओल्या फडक्याची युक्ती मिळत नाही.

रिव्ह्यूमध्ये तो आता कुठे आहे

सहा आठवड्यांचा निकाल ‘नेहमीच्या उपचारात घरच्या सरावाची भर’ या तक्त्यात गेला, ०.४ या परिणामासह, आणि ‘आकडे लेखकांकडून मिळवलेले’ अशी टीप जोडून. प्रश्नावलीचे आकडे वेगळ्या तक्त्यात. तीन महिन्यांचा निकाल एकत्रित हिशेबात घेतला नाही. गळतीची कारणं देऊन तो फक्त मजकुरात मांडला. मोजणाऱ्याला गट माहीत असल्यामुळे आणि रुग्ण थोडे असल्यामुळे या निष्कर्षावरचा भरवसा ‘ग्रेड’ या पुराव्याची खात्री ठरवण्याच्या पद्धतीने ‘कमी’ या पातळीवरच राहिला, पुरवणीने तो वर गेला नाही आणि जायलाही नको होता. आवर्तनांच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असं आहे.

विभागाच्या नव्या अभ्यासात नावनोंदणी यंदा एप्रिल-मेमध्ये, टोळ्या गावी परतल्यावर सुरू करायची असं ठरलं आहे, म्हणजे तीन महिन्यांची तपासणी दसऱ्याच्या आत येते.